जिलानीचं अ‍ॅव्हरेज

औशाच्या जिलानी ड्रायव्हरला जगातल्या कुठल्याही वस्तूची पारख करायची एकच रीत ठाऊक होती. खाते किती आणि चालते किती. गाडी असो, बैल असो, नाहीतर कुणाच्या घरी सोयरीक घेऊन आलेला नवरामुलगा असो, त्याचा पहिला सवाल ठरलेला, "अ‍ॅव्हरेज काय देते?" लिटरभर इंधनात गाडी किती किलोमीटर जाते, त्याला आपल्याकडं सगळेच ड्रायव्हर अ‍ॅव्हरेज म्हणतात. जिलानीनं मात्र तो शब्द गाडीतून काढून साऱ्या गल्लीला लावला होता. शेजारचा एक बहाद्दर चार भाकरी हाणून दिवसभर ओट्यावर लोळायचा. त्याच्याबद्दल जिलानी म्हणायचा, "ह्याला अ‍ॅव्हरेजच न्हाई." आणि बायको सालेहा सकाळच्या एका कप चहावर दुपारपर्यंत शिलाई मशीन मारायची, तर तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आमची सालेहा म्हंजे लई अ‍ॅव्हरेजची हाय." सालेहा डोळे वटारायची, पण आतून खूश व्हायची. जिलानीच्या तोंडी याहून मोठी तारीफ नव्हती. हे ध्यानात असू द्या, कारण पुढचा सगळा घोळ ह्याच शब्दानं घातला.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात भूकंप झाला तेव्हा जिलानी चोवीस वर्षांचा होता आणि औशातल्या एका डॉक्टरांची पांढरी मारुती चालवत होता. गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे जमीन हलली. उजाडल्यावर डॉक्टरांनी किल्ली त्याच्या हातात दिली आणि किल्लारीकडं जा म्हणाले. तिथं जाऊन बघतो तर गाव कुठलं आणि माळ कुठला ते कळेना. दगडमातीच्या भिंती बसल्या जागी बसलेल्या, गल्ल्या भरून गेलेल्या. ट्रक वेशीबाहेरच थांबले होते. दुपारी पुढाऱ्यांच्या मोठमोठ्या गाड्यांची रांग आली आणि तिनं उरलासुरला रस्ताही अडवून धरला. जिलानीची ती एवढीशी मारुती मात्र बांधावरून, उसाच्या कडेनं, पायवाटेनं आत शिरायची आणि जखमी माणसं भरून लातूरच्या दवाखान्याकडं निघायची. दिवसभरात त्यानं सात खेपा केल्या.

चौथ्या खेपेला एक पंचविशीतला तरुण आडवा आला. गळ्यात लिंग, अंगावर मातीनं भरलेलं बनियन, नाव भीमाशंकर. शिकून एम.एस्सी. झालेला. त्याच्या आईची, केवळाबाईची, मांडी मोडली होती. दोघांनी मिळून तिला मागच्या सीटवर आडवी घातली, पण पाय मावेना. मग जिलानीनं खिडकीची काच खाली केली, पायाला आपला रुमाल गुंडाळला आणि तसाच पाय बाहेर ठेवून लातूर गाठलं. सगळ्या वाटेत केवळाबाई कण्हत होती आणि मध्येच भानावर येऊन विचारत होती, "बाबा, तुझं नाव काय?" जिलानी सांगायचा, ती विसरायची आणि पुन्हा विचारायची. दवाखान्याच्या दारात भीमाशंकर त्याच्या गळ्यात पडला आणि लहान पोरासारखा रडला. "जिलानीभाई, जलमभर विसरणार न्हाई," म्हणाला. त्या दिवशी तो मनापासून बोलत होता, यात काही खोटं नाही.

भीमाशंकरचं घर गेलं, शेतात काही उरलं नाही, म्हणून त्यानं लातुरात पत्र्याच्या शेडमध्ये फिजिक्सच्या शिकवण्या सुरू केल्या. माणूस शिकवायचा झकास. दोन वर्षांत शेड पुरेना, पाच वर्षांत नांदेडला दुसरी शाखा निघाली. तोवर डॉक्टरांनी नवी गाडी घेतली आणि जुनी मारुती जिलानीला देऊन टाकली. मग काय, भीमाशंकरनं जिलानीला गाडीसकट कामावर ठेवलं. आठवड्यातले तीन दिवस दोघं पहाटे लातूरहून निघायचे, अहमदपूर आणि लोहा मागं टाकत नऊच्या आत नांदेडात. पुढच्या सीटवर भीमाशंकर गुडघ्यावर पेपर तपासायचा. सालेहानं दिलेला डबा दोघं एखाद्या बाभळीखाली उघडून खायचे. उतार आला की जिलानी अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय अलगद काढायचा, चढाआधी हळूच वेग धरायचा आणि मारुतीला कधी विसाच्या खाली येऊ द्यायचा नाही. "भीमाभाऊ, आज बावीसचं दिलं बघा," असं तो सांगायचा तेव्हा भीमाशंकर पेपरातून मान वर करून "शाब्बास" म्हणायचा.

पुढं लातूरचं नाव झालं. निकालाच्या दिवशी पेपरात पानभर फोटो यायला लागले आणि माहूरपासून धर्माबादपर्यंतचे आईबाप पोरांच्या वळकट्या घेऊन लातुरात उतरायला लागले. भीमाभाऊचे सर कधी झाले ते जिलानीच्याही ध्यानात आलं नाही. एक दिवस चारचौघांत त्यानं "भीमाभाऊ" अशी हाक मारली आणि ऑफिसातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. त्या दिवसापासून तोही सर म्हणू लागला. भीमाशंकरनं त्याला थांबवलं नाही.

आणि मग ती काळी गाडी आली. सात माणसांची, ट्रॅक्टरएवढ्या चाकांची, आत चढायला पायरी असलेली. जिलानीनं पहिल्याच आठवड्यात टाकी भरून हिशोब लावला. लिटरला आठ. एसी लावला की सात.

"सर, हत्ती बांधला तुमी दारात," तो न राहवून बोलला. "ह्याच्यापेक्षा आपली मारुती काय वाईट होती?"

"तुला कळत नाही जिलानी," सर म्हणाले. "गावाकडून पालक येतो तो आधी निकाल बघत नाही. दारात गाडी कुठली उभी आहे ते बघतो. मास्तरची गाडी लहान म्हटलं की त्याला वाटतं, मास्तरच लहान."

सरांचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच त्यातलं वाईट. जिलानीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. धोतरातला बाप, पदर डोक्यावरून घेतलेली आई, दोघं त्या काळ्या बॉनेटवरून हात फिरवायची आणि पोराला म्हणायची, "बघ, शिकलं की आसं व्हतंय." पोरगं मान डोलवायचं. त्या गाडीत बसून सर कुठं जायचे? क्लासपासून घरी. दोन फर्लांग. आणि आठवड्यातून तीनदा नांदेडला, दोन टनाचं धूड एकट्या माणसाला घेऊन. सर आता मागं बसायचे. पाच सीटा रिकाम्या वाहत जिलानी तीच वाट तुडवायचा आणि डिझेलचा काटा खाली उतरताना बघून त्याला शिळं खाल्ल्यासारखं व्हायचं. मोठ्या गाडीला तो मनातल्या मनात इतक्या शिव्या द्यायचा की त्या उघड दिल्या असत्या तर सरांनी त्याच दिवशी घरी बसवला असता.

मारुती त्यानं आणखी वर्षभर ठेवली होती. पण तो ती क्लासच्या बाजूला लावायचा, तेव्हा एकदा सुकन्या मॅडम, म्हणजे सरांच्या बायको, म्हणाल्या, "ती डबी इथून हलवा हो, बरं दिसत नाही." सर बाजूलाच उभे होते. ज्या डबीत त्यांच्या आईचा जीव वाचला, तिच्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. जिलानीनं मारुती धर्माबादच्या एका मिरचीवाल्याला देऊन टाकली.

त्याच्या ह्या सगळ्या गिळण्याला कारण होतं. कारणाचं नाव जेबा. एकुलती एक पोरगी, दहावीला उर्दू शाळेतून पहिली आलेली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. सरांनी तिला अकरावीत बिनफीची क्लासला घेतली, तेव्हा जिलानीनं त्यांचे हात धरले होते. पण सरांच्या क्लासात दोन दारं होती. एक रेग्युलर बॅच. तिथं एका हॉलात तीनशे पोरं, पुढं माईक घेतलेला कुणीतरी नवखा मास्तर, शेवटच्या रांगेला फळा दिसायचा नाही. दुसरी स्पेशल. चाळीस पोरं आणि स्वतः सर. पेपरात फोटो यायचे ते ह्या चाळिसातलेच. जेबा रेग्युलरला होती आणि बारावीच्या आधी, एप्रिलात, स्पेशलची नवी यादी लागायची.

"अब्बा, दहा मार्क कम पडे," जेबानं त्याला सांगितलं होतं. "सर बोले तो हो जाता. तुम पूछो ना. यादी सोमवार को लगती." पोरीनं आयुष्यात बापाकडं मागितलेलं हे पहिलंच मागणं होतं.

ते दोन हजार सोळाचं साल. लातूरकरांना वेगळं सांगायला नको. मिरजेहून आगगाडीनं पाणी यायचं आणि गल्लोगल्ली घागरींच्या रांगा लागायच्या. अशा दिवसांतही काळी गाडी रोज चमकली पाहिजे असा मॅडमचा दंडक होता. जिलानी एका तांब्यात फडकं बुडवून सगळी गाडी पुसायचा, कारण बादलीभर पाणी तिच्यावर ओतायला त्याचा हात धजायचा नाही. मॅडमना ते कळलं तेव्हा त्यांनी वॉचमनला पाइप लावायला सांगितला. जिलानी बाजूला उभा राहून वाहून जाणारं पाणी बघत राहिला.

सोमवारच्या आधीचा शुक्रवार होता. अहमदपूर मागं पडलं, बाहेर नुसती आग. एसीचा गारवा मागच्या सीटकडं. जिलानीनं आरशात पाहिलं, सर फोनमधून डोकं वर काढत होते. त्यानं घसा साफ केला.

"सर, पोरीचं कसं काय म्हनावं?"

सरांनी फोन बाजूला ठेवला. मग म्हणाले, "खरं सांगू का जिलानी? अ‍ॅव्हरेज आहे पोरगी."

जिलानीचा पाय अ‍ॅक्सिलेटरवरच सैल पडला. "खरंच सर?"

"खोटं कशाला बोलू? तिचे पेपर मी स्वतः बघितलेत. अ‍ॅव्हरेज आहे."

"मग मी तुमच्यावर सोडलं सर."

"हां, माझ्यावर सोड. तू काळजी करू नको."

"लई मेहेरबानी, सर," जिलानी म्हणाला. सरांनी पुढं वाकून त्याच्या खांद्यावर थोपटलं. किती तरी वर्षांनी थोपटलं.

आता बोला. एकानं एक सांगितलं, दुसऱ्यानं दुसरंच ऐकलं, आणि दोघांनाही वाटलं की काम फत्ते झालं. ध चा मा करायला इथं कुणी आनंदीबाईसुद्धा लागली नाही. पण जिलानीला तरी दोष कसा द्यावा? ज्यानं पाव शतक एकच शब्द देवाच्या नावासारखा जपला, त्याच्या पोरीला तोच शब्द लावला गेला होता. त्याच्या डोळ्यांपुढं जेबा उभी राहिली. पाचला उठणारी, अर्धी भाकरी खाऊन दिवस काढणारी, पाण्याच्या रांगेत घागरीवर वही ठेवून गणितं सोडवणारी. कमी खाणारी आणि लांब जाणारी. सरांनी अगदी बरोबर ओळखलं, असं त्याला वाटलं. परत येताना लोह्याला त्यानं सरांची परवानगी काढून गाडी थांबवली आणि अर्धा किलो पेढे घेतले.

घरी पोचला तेव्हा दिवस कलला होता. जेबा दारात घागर घेऊन टँकरची वाट बघत उभी होती.

"पेढे? कायकू?" तिचा चेहरा एकदम उजळला. "पूछे तुम?"

"पूछा! सर बोले, पोरगी अ‍ॅव्हरेज है! खुद पेपर देखे बोले. ले, मुंह खोल."

जेबा त्याच्या तोंडाकडं बघतच राहिली. सालेहा आतून आली, तिनं पेढा घेतला, शेजारी वाटले. जेबानं अर्धा पेढा खाल्ला, उरलेला खोक्यात परत ठेवला आणि घागर उचलून ती टँकरकडं गेली. लाजली, असं जिलानी सालेहाला म्हणाला.

पुढच्या आठवड्यात त्यानं विचारलं, "स्पेशलको बैठती ना?" जेबा वहीतून मान वर न करता "बैठती," म्हणाली. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. पहाटे तो गाडीवर जायचा, संध्याकाळी यायचा, कुठल्या हॉलात कोण बसतं हे त्याला कसं दिसणार? एवढं मात्र त्याच्या ध्यानात आलं की पोरगी कमी बोलू लागली. आधी तो आला की ती चहा ठेवायची आणि रस्त्यात काय काय दिसलं ते विचारायची. ते बंद झालं. तो काही म्हणाला तर "हाव," नाहीतर "न्हाई." अभ्यासाचा ताण असणार, त्यानं मनाशी ठरवलं. सालेहालाही तेच सांगितलं.

दोन हजार सतराच्या जूनमध्ये निकाल लागला आणि जेबाचं मेडिकल थोडक्यात हुकलं. मोजकेच मार्क. ती रडली नाही. निकालाचा कागद तिनं घडी करून कुराणाशेजारच्या फळीवर ठेवला आणि भांडी घासायला बसली. जिलानीला ते रडण्याहून वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सरांना ऑफिसात गाठलं. बाहेर फटाके उडत होते, सरांच्या स्पेशलमधले नऊ जण सरकारी कॉलेजात लागणार होते.

"सर, स्पेशलला बसून बी असं कसं झालं?"

"स्पेशलला?" सरांनी चष्मा काढला. "तुझी पोरगी? ती तर दोन्ही वर्षं रेग्युलरला होती."

"पन तुमीच म्हनला होता ना सर. नांदेडच्या वाटंवर. अ‍ॅव्हरेज हाय म्हनला."

सर त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काही तरी पसरत गेलं आणि ते हसायला लागले. खुर्चीत मागं रेलून, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अरे वेड्या, म्हणून तू मेहेरबानी म्हणालास? मी म्हटलं, काय समजूतदार माणूस आहे! अ‍ॅव्हरेज म्हणजे अ‍ॅव्हरेज रे. ना हुशार, ना ढ. मधली. बेताची." पुन्हा हसले. शेजारच्या खोलीतून सुकन्या मॅडमना हाक मारून त्यांनाही सांगितलं. मॅडमही हसल्या.

जिलानी उभा राहिला. हसून झाल्यावर सरांनाच काही तरी वाटलं असावं. म्हणाले, "बरं, ऐक. एक वर्ष तिला परत बसव. परत बसणाऱ्यांची वेगळी यादी लागते निकालानंतर. ह्या वेळी स्पेशलला, माझा शब्द. पोरीत दम आहे." जिलानीनं मान हलवली. बाहेर आल्यावर तो गाडीच्या आडोशाला गेला आणि चाकापाशी खाली बसला. आपल्या अडाणीपणानं पोरीचं वर्ष गेलं, एवढंच त्याला कळत होतं. घरी त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. नव्या यादीत नाव आलं की एकदमच सांगू, असा त्यानं विचार केला. खरं म्हणजे पोरीपुढं तोंड उघडायची त्याला लाज वाटत होती.

आठच दिवसांनी एका मोठ्या हॉलात गुणवंतांचा सत्कार ठेवला. सरांनी क्लासच्या सगळ्या पोरांना हजर राहायला सांगितलं होतं, खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून. जेबाही मैत्रिणींबरोबर मागच्या रांगेत जाऊन बसली. पहिल्या रांगेत केवळाबाई होती, आता पंचाहत्तरीची, काठी घेऊन. जिलानी बाहेर गाडीत. सर कधीही बाहेर येतील, तेव्हा आत गारवा पाहिजे, म्हणून इंजिन चालू ठेवून एसी लावून बसायचा त्याला हुकूम होता. गाडी जागच्या जागी उभी राहून डिझेल पीत होती. तासभर झाला होता. लाउडस्पीकरवर सरांचं भाषण त्याला बाहेर ऐकू येत होतं.

"पालकांनी अपेक्षा मोठ्या ठेवल्या पाहिजेत," सर म्हणत होते. "एक गंमत सांगतो. आमचा एक ड्रायव्हर आहे. नाव सांगत नाही. त्यानं मला विचारलं, सर, माझ्या मुलीचं कसं काय? मी म्हणालो, अ‍ॅव्हरेज आहे. तर ह्या बहाद्दरानं काय करावं? गावात पेढे वाटले! का? तर गाडीच्या भाषेत अ‍ॅव्हरेज म्हणजे लई भारी!"

हॉल हसला. हजार माणसं एकदम हसली. टाळ्या पडल्या. जिलानीचे हात स्टिअरिंगवर होते ते तिथंच राहिले. त्याला पहिल्यांदा एकच आठवलं, की जेबा आत आहे.

दार उघडून ती बाहेर आली. एकटीच. ओढणी घट्ट धरून सरळ गाडीकडं चालत आली. जिलानीनं काच खाली केली. तिनं आत हात घातला, किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

"तुमको मालूम नै था?" तिनं विचारलं.

जिलानीनं मान हलवली.

"दर सोमवारी बोर्डावर नावं लागतात, अब्बा," ती म्हणाली, आणि आवाज फुटू नये म्हणून सावकाश बोलली. "टॉपर, गुड, अ‍ॅव्हरेज, वीक. माझं नाव कुठं असायचं ते मला ठाऊक. तुम्ही पेढे आणले. मला वाटलं, तुम्हाला सगळं कळलंय. मला वाटलं, नोकरीसाठी सरांपुढं तुम्ही गप बसलात आणि वरून गोड करून आणलंत. स्पेशलला बसते का विचारलंत, तेही नाटकच वाटलं, म्हणून बसते म्हणाले. वर्षभर मला तेच वाटत होतं. पुस्तक उघडलं की तेच वाटायचं."

"बेटा..." जिलानी म्हणाला.

"नीट बोलले पण न्हाई मी तुमच्याशी." ती ओढणीनं डोळे पुसत मागं सरली, कारण हॉलची दारं उघडली होती आणि माणसं बाहेर येत होती. ती रस्त्याला लागली. जिलानीनं लगेच किल्ली फिरवून इंजिन पुन्हा चालू केलं, कारण सर हार सावरत येताना दिसले आणि गाडी आतून तापायला लागली होती.

सर, मॅडम आणि केवळाबाई बसल्या. गळ्यातले हार शेवटच्या रिकाम्या सीटांवर टाकले. "राग नाही ना आला रे जिलानी?" सर म्हणाले. "लोकांना जरा हसवावं लागतं."

"न्हाई सर," जिलानी म्हणाला.

केवळाबाई काठी मांडीवर घेऊन खिडकीशी बसली होती. भाषणात ती हसली नव्हती. गाडी मोठ्या रस्त्याला लागली, तशी ती काचेला कपाळ टेकवून ओरडली, "थांबव! आरं, ती तुजी जेबाच न्हाई का? एवढ्या उन्हाची पायी चाललीया. घे तिला आत."

"आई, उशीर होतोय," सर म्हणाले.

"थांबव म्हंते ना मी. ह्या बाबानं मला माझा पाय खिडकीतून भायेर काढून नेली होती. जागा न्हाई म्हनला न्हाई."

जिलानीनं गाडी कडेला घेतली. जेबा थांबली. तिनं आधी केवळाबाईकडं पाहिलं आणि हळू म्हणाली, "न्हाई आज्जी, तुमी जावा. मी बसनं जाते." मग ती पुढच्या खिडकीपाशी आली. सरांकडं तिनं बघितलं नाही. बापाकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, एक वर्षानंतर पहिल्यांदा नव्हता.

"अब्बा," ती म्हणाली, "उतरते क्या तुम?"

जिलानीच्या हाताला दाराची कडी लागली. ती ओढायची तेवढीच बाकी होती. उतरायचं आणि पोरीबरोबर चालत बसस्टँडवर जायचं. त्याला दुसरं काही नको होतं. पण पाठीमागं सर बसले होते, ज्यांनी शब्द दिला होता, आणि यादी येत्या सोमवारी लागायची होती. आत्ता उतरलो तर पोरीचं नाव गेलं. तिच्यासाठी आणखी एक वर्ष गिळू, एवढाच विचार त्याच्या डोक्यात आला, आणि तो तिला सांगायला तिथं जागा नव्हती. मागं सगळे ऐकत होते.

"तू हो पुढं," तो म्हणाला. "मी येतो संध्याकाळी."

जेबानं मान हलवली आणि ती बाजूला झाली. जिलानीनं गिअर टाकला.

सोमवारी स्पेशलच्या यादीत तिचं नाव खरंच होतं, वरून सातवं. सरांनी शब्द पाळला. जेबा त्या बॅचला एक दिवसही गेली नाही.